दहा माणसांचं वाचन

गोडादऱ्यातल्या त्या रो-हाउसच्या वरच्या खोलीत मी लग्नानंतरची चार वर्षं काढली. खाली घरमालकीणबाई राहायच्या. सुरतेच्या मराठी शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच, सत्तरी ओलांडलेल्या. गल्लीतले गुजराती त्यांना टीचरबेन म्हणायचे, आमचे खानदेशी लोक नुसतं बाई. त्या मला 'वरची' म्हणायच्या. माझं नाव त्यांना पक्कं ठाऊक होतं, भाडेकरारावर त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पण हाक मारायची झाली की "अगं ए वरची!" पहिले सहा महिने मला या हाकेचा राग यायचा. नंतर नवराही तशीच हाक मारायला लागला, मग रागावणार तरी कुणावर?

बाई ज्यू होत्या. मी अंमळनेरहून आलेली, ज्यू म्हणून काही असतं हे मला शाळेच्या इतिहासातल्या दोन ओळींपलीकडे माहीत नव्हतं. त्यात या बाई मराठी बोलणार, नऊवारी नेसलेल्या आजीचा फोटो भिंतीवर लावणार, आडनावाला 'कर' लावणार. मूळ गाव अलिबागकडचं. वडील रेल्वेत गार्ड, बदली होऊन सुरतेला आले ते इथलेच झाले. मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कोण?" त्या म्हणाल्या, "तू नक्की कोण, ते आधी सांग. मग मी सांगते." प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यायची त्यांना खोड होती. मला चार वर्षांत त्यांच्याकडून एकही सरळ उत्तर मिळालं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

शनिवारी तर कमालच. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारच्या चांदण्या दिसेपर्यंत बाई गॅस पेटवायच्या नाहीत, फोनला हात लावायच्या नाहीत, दिव्यापंख्याचं बटण दाबायच्या नाहीत. दुसऱ्याने आपणहून पंखा लावला तर चालायचं, पण "लाव" असं सांगायचं नाही. पहिल्याच शनिवारी त्या जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वर न बघता म्हणाल्या, "आज फारच उकडतंय, नाही?" मी म्हटलं, "हो ना बाई, खरंच," आणि माझ्या कामाला लागले. मी घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करत होते, दोन डझन साड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. अर्ध्या तासाने पुन्हा तळातून आवाज आला, "सुरतेची हवाच अशी." मी पुन्हा "हो ना." तिसऱ्या वेळी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या आणि छताकडे बघू लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

घरात पुस्तकंच पुस्तकं. एखादं हातातून पडलं तर उचलून त्याचा मुका घ्यायच्या. आपण कपाळाला लावतो तसंच, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फाटक्या पानांचं. देवाचं नाव असलेलं पान टाकायचं नाही, पुरायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. बाईंनी ती रीत ताणून कुठल्या कुठे नेली होती. कुठल्याही पुस्तकाचं, कुठलंही पान. पाचवीच्या भूगोलाचं अर्धं पान, मागच्या शतकातल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, एकदा तर माझ्या गॅसच्या पुस्तकाचं सुटलेलं पान. सगळं साडीच्या खोक्यांत भरून पलंगाखाली. "यात देव कुठे आहे, बाई?" मी विचारलं. "नाही कशावरून?" त्या म्हणाल्या.

आता वाचनाबद्दल सांगते. लॉकडाऊनमध्ये ठाण्याच्या एका ओळखीच्या निवृत्त नर्सबाईंनी फोनवर त्यांना म्हटलं की ऑनलाइन जमू, ज्यू लोकांनी मराठीत लिहिलेली आणि मराठीत आलेली पुस्तकं वाचू, त्यांवर बोलू. बाईंना फोन घेता येत होता आणि ठेवता येत होता, त्यापलीकडे काही नाही. तेव्हा लिंक पाठवणं, लोकांना आत घेणं, कुणाच्या घरी मिक्सर चालू असेल तर त्यांना म्यूट करणं, हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्याचा उपयोग शेवटी असा झाला. दर रविवारी दुपारी चारला मी त्यांच्या टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचे आणि मागे बसून टिकल्या लावायचे. ठाणे, अलिबाग, नंदुरबारचे एक निवृत्त पोस्टमन, इस्रायलमधल्या दिमोना गावचे एक आजोबा, असे लोक असायचे. दिमोनाच्या आजोबांची नातवंडं मागे त्यांच्या भाषेत भांडायची आणि आजोबा मराठीत ओरडायचे, "गप बसा रे कार्ट्यांनो!" कार्ट्यांना ते कळायचं नाही.

पण वाचन असं सहज सुरू होत नसे. दहा माणसं लागत. त्यांच्या धर्मात काही प्रार्थनांना दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांच्या वरचे. नऊ असले तर ती प्रार्थना होत नाही. बाईंनी तो नियम उचलून पुस्तकाला लावला आणि त्यातले पुरुष काढून टाकले. "देवाला दहा बाप्ये लागत असतील," त्या म्हणायच्या, "पुस्तकाला कोण लागतं ते मी ठरवणार." बाई चालेल, बुवा चालेल, हिंदू, बौद्ध, कोणीही चालेल. अट एकच, पुस्तक वाचलेलं हवं. न वाचता आलेला माणूस ऐकू शकतो, पण दहात धरला जात नाही. म्हणून मी दर रविवारी तिथे असायचे आणि कितीतरी दिवस एकदाही दहात नव्हते.

आणि ते दहा मोजायचेही नाहीत! माणसं मोजू नयेत, अशीही त्यांच्यात समजूत आहे. आमच्या सासूबाईही ताटातल्या भाकरी मोजू देत नाहीत, तेव्हा मी गप्प बसले. बाईंनी त्यावर तोड काढली होती. दहा शब्दांचं एक वाक्य बनवलं होतं, आणि स्क्रीनवरच्या एकेका चेहऱ्याकडे बोट करून त्या एकेक शब्द उच्चारायच्या: "या, बसा, पुस्तक उघडा, चष्मा लावा, आणि मग खुशाल भांडा." ज्याच्यावर शब्द पडेल त्याने "आहे" म्हणायचं. वाक्य पुरं झालं की वाचन सुरू. 'खुशाल'पाशी अडलं तर थांबायचं. कधीकधी पाऊण तास सगळे जण 'भांडा'ची वाट बघत बसायचे. पोस्टमनकाकांवर नेमका 'चष्मा' यायचा आणि ते दरवेळी चष्मा काढून दाखवायचे.

एकदा ठाण्याच्या काही मंडळींनी मोठा ऑनलाइन मेळावा भरवला. ज्यू लेखकांचं मराठी लेखन, भाषणं, सत्कार, आणि शेवटच्या चर्चेच्या अध्यक्षस्थानी आमच्या बाई. शंभरावर लोक जोडलेले. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ज्या पुस्तकावर बोलायचंय ते कोणी कोणी वाचलंय? हात वर करा." नऊ हात वर झाले, बाईंचा स्वतःचा धरून. बाई म्हणाल्या, "मग आज जमणार नाही," आणि मला खूण केली, फोन बंद कर. मी केला. नंतर आयोजकांचे अकरा मिस्ड कॉल आले. "शंभर लोक होते हो बाई!" मी कळवळून म्हटलं. "होते ना. शंभरात नऊ. वाईट नाही वाटत तुला?" त्या म्हणाल्या. मला वाईट वाटत होतं, पण ते आयोजकांचं.

चर्चेत सगळ्यांचं एकमत झालं तर त्यांना संशय यायचा. "सगळे एकच बोलतायत, म्हणजे कोणीतरी वाचलेलं नाही." मग त्या एखाद्या गरीब माणसाला पकडून विरुद्ध बाजूने बोलायला लावायच्या. जाताना प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचाच, हाही नियम. उत्तर देणाऱ्याला बाई हसून "बरं" म्हणायच्या आणि चांगला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवायच्या.

तर अशा या बाईंनी एका वर्षी वडिलांची वही वाचनाला लावली.

वडील गार्डाच्या डब्यात बसून कीर्तनं लिहायचे. त्यांच्या लोकांत मराठीतून कीर्तन करायची जुनी पद्धत आहे, हे मला तेव्हा कळलं. रेल्वेच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं आणि दोऱ्याने शिवलेलं ते बाड होतं. गोष्ट साधी होती. एक मेंढपाळ संध्याकाळी मेंढरं मोजतो, एक कोकरू कमी भरतं. तो बाकीच्यांना आडोशाला लावून डोंगरात शोधायला निघतो. काटे, अंधार, थंडी, लांडग्याची हाक. तो हाका मारत चढत जातो, आणि वही संपते. पुढे काहीच नाही. बाईंना वाटायचं, वडिलांनी ती अर्धवट सोडली. बाईंनी अक्षर लावून सांगितलं, मी ते टाइप केलं आणि सगळ्यांना पाठवलं. दोन रविवार नुसती भांडणं झाली. नर्सबाईंच्या मते लांडग्याने खाल्लं असणार. दिमोनाच्या आजोबांच्या मते मेंढपाळच मेला.

मग बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई इस्रायलमध्ये अशदोदला राहायच्या. तरुणपणीच लग्न करून गेल्या, आजारी वडील धाकटीवर सोपवून. दोघी बहिणी सणाला फोन करायच्या, तब्येत आणि हवा एवढं बोलायच्या, ठेवून द्यायच्या. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "ती वही माझ्या नणंदेला कोणीतरी पाठवली. शेवट मला ठाऊक आहे. तुझे ते दहा जमव, मी येऊन सांगते. पण लवकर. पुढच्या महिन्यात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे." ताई अजून आहेत, ऑपरेशन नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकते. मला उगाच कुणाला टांगून ठेवायला आवडत नाही. पण तेव्हा आम्हांला हे कुठे माहीत होतं? बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हिला कसा ठाऊक?" त्या आठवड्यात त्यांनी मला हा प्रश्न निदान वीसदा विचारला.  वडिलांचा शेवट ऐकायचा होता, आणि बहिणीच्या तोंडून ऐकायचा होता. या दोनांतलं त्यांना जास्त काय हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी ताई स्क्रीनवर आल्या. बारीक चेहरा, गळ्यात शाल. बाईंनी वाक्य सुरू केलं आणि ते 'खुशाल'पाशी अडलं. दिमोनाचे आजोबा दवाखान्यात होते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. ताई म्हणाल्या, "धाकटे, मला बसवत नाही गं फार वेळ. राहू दे." बाई म्हणाल्या, "थांब ना जरा." पण नियम सोडायला तयार नाहीत. मला त्यांचा असा संताप आला! एवढी बहीण आली, आणि ही बाई आकड्यावर अडून बसलीय. मी उठले, जिना चढून वर गेले. नवऱ्याचा फोन चार्जिंगला होता. "काय करी ऱ्हायनी तू?" तो म्हणाला. मी त्याला गप्प केलं, फोनवर नाव टाकलं 'पुष्पा मावशी, अंमळनेर', कॅमेरा बंद ठेवला आणि आत शिरले.

खालून बाईंचा आवाज आला, "भांडा?"

"शे, बाई," मी आवाज जाड करून आमच्या अहिराणीत 'आहे' म्हटलं.

"वही वाचलीत का, पुष्पाबाई?"

"वाची लिधं."

वाक्य पुरं झालं. मी फोन तसाच खाटेवर टाकून धावत खाली आले आणि साळसूदपणे टिकल्या लावायला बसले. ताईंनी घसा खाकरला. तेवढ्यात गल्लीतून भाजीची हातगाडी आली, भोंग्यावर रेकॉर्ड लावलेली, "बटाका लो, डुंगळी लो!" ते आम्हांला खिडकीतून ऐकू आलं, आणि अर्ध्या सेकंदाने तेच, तस्संच, अंमळनेरहून ऐकू आलं.

बाईंनी हात वर केला. ताई थांबल्या. "पुष्पाबाई," बाई म्हणाल्या, "अंमळनेरला गोडादऱ्याची गाडी कधीपासून येते?"

वरून काय उत्तर येणार? वर नवरा होता. तो म्हणाला, "मी नही, बाई, तुम्हनी वरचीच!"

कोणी हसलं नाही. ताईंचा चेहरा मात्र एकदम पडला, मी पाहिला. बाई म्हणाल्या, "वाचन झालं नाही," आणि फोन पालथा घातला. मला काही बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मी वर तोंड करून भांडले असते.

मंगळवारी मी ताईंना फोन लावला. म्हटलं, मावशी, चूक माझी, बाईंचा काही दोष नाही, तुम्ही पुन्हा या. सांगता सांगता मला रडूच फुटलं. ताई म्हणाल्या, "तू कशाला रडतेस? हे तुझ्याआधी मी केलंय."

आणि त्यांनी सांगितलं. आई गेली त्याला वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. आईच्या नावाची प्रार्थना करायची होती. वडिलांनी सगळ्या लाइनीवरच्या रेल्वेवाल्या ज्यूंना निरोप धाडले. बलसाडहून आले, नवसारीहून आले, आणि मोजून नऊच भरले. वडील दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीची शिट्टी ऐकत होते. "मला ते बघवेना," ताई म्हणाल्या. "धाकटी बारा वर्षांची, ताडमाड उंच. मी तिला शेजारच्या मुलाची पँट घातली, केस टोपीत कोंबले, आणि सांगितलं, तू पनवेलचा मावसभाऊ. कंदिलाचा उजेड, ती मागे मान खाली घालून उभी, बाबांनी नीट पाहिलंच नाही. दहा झाले. प्रार्थना झाली. बाबा रडले, आईच्या मागे वर्षात पहिल्यांदा. मग जेवायला बसताना कोणीतरी सहज विचारलं, काय रे, नाव काय तुझं? आणि हिने आपलं खरं नाव सांगितलं. खोटं बोलता येतच नाही तिला. बाबांनी ताट बाजूला सारलं. सगळ्यांसमोर तिला म्हणाले, तू यात धरली जात नाहीस, प्रार्थना झालीच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी सांगायला हवं होतं, कल्पना माझी. मी नाही सांगितलं."

मी विचारलं, "मग वहीचा शेवट?" ताई म्हणाल्या, "ते तिलाच सांगेन. रविवारी. दहा खरे आण."

दिमोनाचे आजोबा अजून दवाखान्यातच होते. नऊच होणार होते. मी बुधवारी खाली गेले आणि म्हटलं, "बाई, वही द्या."

"कशाला?"

"वाचायला."

"टाइप तूच केलीस ना?"

"टाइप केली. वाचली नाही."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर माझ्या बोटांखालून गेलं होतं आणि डोक्यात काही शिरलं नव्हतं. बाईंनी वही दिली. तीन दिवस साड्या बाजूला ठेवून मी ती वाचली, साड्यांचं काम देणाऱ्या शेठचे फोन आले ते घेतले नाहीत. काही शब्द अडले ते नवऱ्याला विचारले, त्यालाही अडले. शनिवारी पंखा लावायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "काय प्रश्न पडला?" मी म्हटलं, "एकच. एक कमी भरलं म्हणून तो लगेच डोंगरात निघाला. निघण्याआधी पुन्हा एकदा मोजून का नाही पाहिलं?"

 बाई म्हणाल्या, "उद्या माझ्या शेजारी बस."

रविवारी मी पहिल्यांदा फोनच्या पुढे बसले. शेवटचा शब्द माझ्यावर आला आणि मी माझ्या खऱ्या आवाजात "आहे" म्हटलं. ताईंच्या हातात एक पिवळा कागद होता, रेल्वेचा फॉर्म. त्या म्हणाल्या, "धाकटे, बाबांनी अर्धवट सोडली नव्हती. शेवटचं पान मी फाडून आणलं. लग्नाच्या आदल्या दिवशी. इतकी वर्षं माझ्या पेटीत आहे."

बाईंच्या घरात गॅसच्या पुस्तकाचं पानसुद्धा जपलेलं. त्या फक्त म्हणाल्या, "का?"

"ऐक आधी."

ताईंनी चाल धरली. आवाज थकलेला, पण चाल पक्की होती. मेंढपाळ डोंगरमाथ्यावर पोचतो, कोकरू कुठेच नाही. तो रडत खाली बसतो, तेव्हा त्याच्या घोंगडीला मागून कोणीतरी हुंगतं. कोकरू घरातून निघाल्यापासून त्याच्याच मागे चालत होतं. तो पुढे बघून हाका मारत होता म्हणून त्याला दिसलं नव्हतं. "मोजताना मीच चुकलो, देवा, पदरात घे," असं मेंढपाळ म्हणतो. मग शेवटची ओळ. कीर्तनाच्या शेवटच्या ओळीत रचणारा आपलं नाव घालतो, ही रीत सगळीकडची. या ओळीत वडिलांनी आपलं नाव घातलं नव्हतं. बाईंचं घातलं होतं.

"कल्पना माझी होती आणि नाव तुझं," ताई म्हणाल्या. "मला सहन झालं नाही गं."

 मला रडू आवरत नव्हतं, आणि मी ते आवरलंही नाही. बाईंनी कुठलाच प्रश्न विचारला नाही. त्यांनी खुर्ची फोनच्या जवळ ओढली, इतकी जवळ की स्क्रीनवर नुसतं त्यांचं कपाळ दिसत असणार, आणि म्हणाल्या, "ताई, पुन्हा म्हण."

ताईंनी पुन्हा म्हटली. मग बाईंनी स्वतः धरली, बेसूर, एकेक शब्द चाचपत. आपल्या नावापाशी आल्या आणि त्यांना ते म्हणता येईना. तेवढा शब्द अशदोदहून ताईंनी म्हटला.